तीन सर्व्हर आहेत, वाचायचं कुणाकडून?

विंगेतला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तंत्रज्ञान विभागात पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आम्ही नाटकांची तिकिटं ऑनलाइन विकतो. ऑफिस बाणेरला, माणसं मोजकी. बालगंधर्व, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, भरत नाट्य मंदिर, चिंचवडचं मोरे प्रेक्षागृह, असे प्रयोग असतात. डेटाबेस मोंगोडीबी, तीन सर्व्हरचा रिप्लिका सेट, म्हणजे तिन्हींवर तोच डेटा: एक प्रायमरी (सगळं लेखन हिच्यावर), दोन सेकंडरी (तिच्या प्रती). तिन्ही क्लाउडच्या मुंबई रीजनमध्येच, वेगवेगळ्या झोनमध्ये (म्हणजे वेगळ्या डेटा सेंटरांत). ॲप सर्व्हरही तिथेच.

एरवी सगळं निवांत चालतं. पण गाजत असलेल्या नाटकाचं रविवारचं बुकिंग उघडलं की पहिली काही मिनिटं प्रायमरीचा सीपीयू माथ्याला टेकतो आणि त्याच वेळी दोन्ही सेकंडरी पंधरा-वीस टक्क्यांवर आरामात असतात. टीममधल्या एकाचं म्हणणं आहे की कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (ॲपला डेटाबेसशी जोडणारी पत्त्याची ओळ) रीड प्रेफरन्स (वाचन कुणाकडून घ्यायचं ते सेटिंग) 'सेकंडरी-प्रिफर्ड' (शक्यतो सेकंडरीकडून) करून टाकू, एका ओळीचं काम आहे. दुसरा म्हणतो, असं सरसकट करायचं नसतं. पण का नसतं ते त्याला धड सांगता येत नाही.

वाचनं साधारण अशी: नाटकांची यादी आणि तारखा, आसनांचा नकाशा, पैसे भरल्यावर दिसणारं 'माझी तिकिटं', दारावरचं क्यूआर स्कॅनिंग, आणि निर्मात्यांचे हिशेबाचे रिपोर्ट, ते महिनाअखेरीला फार जड होतात.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पर्वतीपायथा

सेकंडरी आरामात आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं? प्रायमरीवर झालेलं प्रत्येक लेखन ऑपलॉगमधून (लेखनांच्या नोंदवहीतून) ओढून त्या दोघी स्वतःकडे पुन्हा करत असतात. लेखनाचा भार तिघींवर सारखाच आहे. रिकामी दिसतेय ती जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे. बदली नटाला काम नाही म्हणून पडदा ओढायला बसवलात, तर मुख्य नटाचा घसा बसेल त्या दिवशी मेकअप कोण करून बसणार?

हिशेब मांडा. सगळी वाचनं सेकंडरींवर टाकलीत, दोघी ७० टक्क्यांवर आल्या. तुम्ही खूश. मग प्रायमरी पडली. दोघींपैकी एक प्रायमरी झाली, सेकंडरी उरली एक. 'सेकंडरी-प्रिफर्ड' म्हणजे एकही सेकंडरी हाताशी असेल तोवर वाचन तिच्याकडेच. आता त्या एकीवर १४०. ती झोपली की सगळं नव्या प्रायमरीच्या डोक्यावर. एका ओळीच्या कामाचं हे फळ.

नवशिका_कर्वेनगर

काका, मी अजून शिकतोय, राग मानू नका. सेकंडरी-प्रिफर्ड, निअरेस्ट वगैरे नावं ऐकलीत, पण नेमका फरक कुणी सांगेल का?

मुळामुठा

सांगते. पाच प्रकार आहेत.

'प्रायमरी' हा मूळचा. काहीच लिहिलं नाही तर हाच. प्रायमरी नसेल तर वाचन थांबतं, आणि ठरावीक वेळेत नवी प्रायमरी मिळाली नाही तर एरर येते. 'प्रायमरी-प्रिफर्ड' म्हणजे प्रायमरी आहे तोवर तिच्याकडून, नसेल तेव्हाच सेकंडरीकडून. 'सेकंडरी' म्हणजे फक्त सेकंडरी, एकही नसेल तर एरर. 'सेकंडरी-प्रिफर्ड' काकांनी सांगितलंच.

पाचवा 'निअरेस्ट', आणि त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. त्याचा नकाशावरच्या अंतराशी संबंध नाही. ड्रायव्हर (ॲपमधला डेटाबेसशी बोलणारा भाग) प्रत्येक सर्व्हरला जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते मोजत राहतो. सगळ्यात जलद जो असेल त्याच्यापेक्षा १५ मिलिसेकंदांपर्यंत मागे असलेले सगळे एका टोपलीत टाकतो आणि त्यातून चिठ्ठी काढतो. १५ हा मूळचा आकडा, बदलता येतो. त्या टोपलीत प्रायमरीही असू शकते, हे लोक विसरतात. शिवाय ही चाळणी फक्त निअरेस्टला नाही, सेकंडरीतून एक निवडायची असेल तेव्हाही लागते.

विंगेतला यांच्याकडे तिन्ही मुंबईतच आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी निअरेस्ट म्हणजे तिघींत चिठ्ठ्या. आणि हे 'जवळ' मोजलं जातं ॲप सर्व्हरपासून. तिकीट काढणारा सिंहगड रोडला बसलाय की साताऱ्यात, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

कॅम्पातला_कारकून

जवळचा विषय निघालाच आहे तर: मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडवर असतात तर सर्व्हर खरोखरच पुण्यात ठेवता आले असते. त्यांचं 'सेंट्रल इंडिया' रीजन पुण्यात आहे, २०१५ पासून.

पर्वतीपायथा

भारताचं केंद्र पुण्यात आहे हे कळायला त्यांना २०१५ उजाडलं. असो.

हिंजवडी_फेज_३

मूळ प्रश्नाकडे येतो. आधीच्या कंपनीत (नाव नको) नेमकं हेच केलं होतं, सरसकट सेकंडरी-प्रिफर्ड. ग्राहकाने पैसे भरले, नोंद प्रायमरीवर झाली, पुढचंच पान सेकंडरीवरून वाचलं आणि तिथे नोंद अजून पोचली नव्हती. ग्राहकाला दिसलं: 'आपली कोणतीही ऑर्डर नाही.' त्याने पुन्हा पैसे भरले. नंतर रिफंड देता देता हिशेबवाल्यांच्या नाकी नऊ आले.

त्याहून विचित्र दुसरं. दोन सेकंडरी वेगवेगळ्या अंतराने मागे असतात. पहिल्या रिफ्रेशला ऑर्डर दिसली, दुसऱ्या रिफ्रेशला गायब, तिसऱ्याला परत हजर. एकदा दिसलेलं पुन्हा नाहीसं झालं की माणूस बिथरतो. उशिरा दिसलेलं एक वेळ चालतं.

आणि लॅग (सेकंडरीचं हे मागे असणं) एरवी मिलिसेकंदांत असतो हे खरं, पण तो वाढतो नेमका गर्दीत. म्हणजे टेस्टिंगमध्ये कधी सापडत नाही.

विंगेतला

हे भारीच आहे. पण 'मॅक्स-स्टेलनेस' म्हणून एक सेटिंग वाचलं. ते २ सेकंद ठेवलं तर? २ सेकंदांहून मागे असलेल्या सेकंडरीकडे ड्रायव्हर जाणारच नाही ना?

मुळामुठा

ठेवून बघा, ड्रायव्हर एरर देऊन मोकळा होईल. किमान ९० सेकंद ठेवावं लागतं.

कारण असं की कोण किती मागे आहे हे ड्रायव्हर अंदाजानेच ठरवतो. तो सर्व्हरची विचारपूस मूळ सेटिंगनुसार दर १० सेकंदांनी करतो, आणि प्रत्येकाने सांगितलेल्या शेवटच्या लेखनाच्या वेळेवरून गणित मांडतो. प्रायमरीवर काहीच लेखन नसेल तर तीही १० सेकंदांनी एक रिकामी नोंद टाकते. एवढ्या जाड फुटपट्टीने २ सेकंद मोजता येत नाहीत. ही सोय एखादी सेकंडरी पार रखडली असेल तर तिला वगळण्यासाठी आहे. आत्ता भरलेले पैसे आत्ता दिसावेत, हे तिचं काम नाही.

त्यासाठी मोंगोडीबी ३.६ पासून कॉजल कन्सिस्टन्सीची सेशन्स आहेत, म्हणजे आपण लिहिलेलं आपल्याच पुढच्या वाचनात दिसावं अशी सोय. सेशनमधल्या लेखनाची वेळ ड्रायव्हर पुढच्या वाचनासोबत पाठवतो, आणि सेकंडरी तिथवर पोचेपर्यंत उत्तर देत नाही. लेखन आणि वाचन दोन्ही मेजॉरिटीने (बहुसंख्य सर्व्हरवर पोचलेलंच धरून) करावं लागतं, तरच हमी पक्की. पण इथे एक मेख आहे. तुमच्याकडे पैसे मिळाल्याचा निरोप पेमेंट गेटवेकडून एका प्रोसेसला येत असणार आणि 'माझी तिकिटं' दुसरीच प्रोसेस दाखवत असणार. ही दोन वेगळी सेशन्स झाली. ती वेळ तुम्ही स्वतः इकडून तिकडे नेली नाहीत तर हमी तिथेच संपली. एवढा खटाटोप करण्यापेक्षा ते एक पान प्रायमरीवरून वाचा. एका माणसाची चार तिकिटं वाचायला प्रायमरीला कितीसं जड जाणार आहे?

पर्वतीपायथा

मूळ चूक प्रश्नातच आहे. 'कुठल्या सर्व्हरकडून वाचू' याला एक उत्तर नसतं. प्रत्येक वाचनाला विचारायचं: बाई, तू किती शिळं खाशील? नाटकांची यादी कालची चालेल. तिकीट आत्ताचंच लागेल. रीड प्रेफरन्स कनेक्शन स्ट्रिंगमध्ये लिहावा लागतो असं कुठे आहे? कलेक्शनपुरता देता येतो, एकेका क्वेरीपुरता देता येतो.

बाकी हे सगळं पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये...

हिंजवडी_फेज_३

आलं का पोस्टग्रेस!

पर्वतीपायथा

वाक्य पुरं करू द्याल? पोस्टग्रेसमध्ये हे सगळं अधिक स्वस्तात होतं असं मी म्हणणार नव्हतोच. तिथेही दुखणं तेच, फक्त दुसऱ्या अंगाला. स्टँडबायवर (तिथली सेकंडरी) वाचता येतं ९.० पासून. कनेक्शनमध्ये सगळे होस्ट लिहून 'प्रिफर-स्टँडबाय' म्हणता येतं १४ पासून. पण स्टँडबायवर लांबलचक रिपोर्ट लावलात आणि त्याला लागणाऱ्या जुन्या ओळी प्रायमरीने व्हॅक्युम (म्हणजे साफ) केल्या, की स्टँडबाय मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद वाट बघतो आणि तुमची क्वेरी मारून टाकतो. ते टाळायला हॉट-स्टँडबाय-फीडबॅक चालू केलात तर क्वेरी जगते, पण प्रायमरी जुन्या ओळी साफ करू शकत नाही आणि टेबल फुगतं. वाचणारे दुसऱ्या मशीनवर हलवले म्हणून प्रायमरीला त्यांची झळ लागत नाही, असं नसतं.

कॅम्पातला_कारकून

मायएसक्यूएलवाल्यांसाठी एक ओळ: मधे प्रॉक्सीएसक्यूएल (क्वेरी कुठल्या सर्व्हरला द्यायची ते ठरवणारा मध्यस्थ) ठेवून 'सिलेक्ट' (वाचनाची आज्ञा) दिसला की रेप्लिकाकडे असा नियम लावणारे बघितलेत. 'सिलेक्ट फॉर अपडेट' (बदलायच्या ओळींना कुलूप लावणारं वाचन) प्रायमरीकडेच जायला हवा, त्याचा नियम आधी लिहा.

नवशिका_कर्वेनगर

एक शंका. आसनांचा नकाशा थोडा शिळा दाखवला तर बिघडतं काय? खरं बुकिंग प्रायमरीवरच होणार ना? 'आसन रिकामं असेल तरच माझ्या नावावर कर' असं एकाच अपडेटमध्ये लिहिलं, तर दोघांना एकच आसन मिळूच शकत नाही. मग नकाशा सेकंडरीवरून द्यायला हरकत काय?

मुळामुठा

शंका अगदी रास्त आहे. डेटा चुकणार नाही, हे बरोबर.

पण गर्दीत काय होईल ते बघा. बुकिंग उघडलं. पहिल्या तीन-चार रांगांची मधली आसनं काही सेकंदांत गेली. शिळ्या नकाशावर ती अजून रिकामी दिसतायत, आणि सगळ्यांना तीच हवीत. सगळे तिथेच बोट लावतात, प्रायमरीवर अपडेट फसतं, 'आसन उपलब्ध नाही' येतं, ते पुन्हा शिळाच नकाशा बघून शेजारच्या गेलेल्या आसनावर बोट लावतात. म्हणजे नकाशाची वाचनं प्रायमरीवरून उचललीत आणि त्या जागी फसणारी लेखनं आणून टाकलीत. शिवाय प्रेक्षकाच्या शिव्या.

विंगेतला, मला आधीपासून एक विचारायचंय. प्रायमरी भरतेय ती नेमकी कशाने? आणि फोनवरचा नकाशा ताजा कसा ठेवता?

विंगेतला

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून प्रोफायलरचं (चाललेल्या क्वेरींची नोंद ठेवणारं साधन) आउटपुट काढून बघितलं. गर्दीच्या वेळी वाचनांपैकी बहुतेक सगळी नकाशाचीच. ॲप दर २ सेकंदांनी नकाशा मागतं. प्रत्येक फोन, स्वतंत्रपणे.

मुळामुठा

हं.

म्हणजे एकाच प्रयोगाचा एकच नकाशा हजारो फोन वेगवेगळा वाचून नेतायत. हे डेटाबेसचं कामच नाही. ॲप सर्व्हरच्या मेमरीत प्रत्येक प्रयोगाचा नकाशा ठेवा, सेकंदाला एकदा प्रायमरीवरून ताजा करा, फोनना त्यातूनच द्या. फोन कितीही असोत, प्रायमरीला एका ॲप सर्व्हरमागे सेकंदाला एकच वाचन. आणि तरीही तो गर्दीतल्या सेकंडरीपेक्षा ताजा, कारण किती शिळा असेल ते तुम्ही ठरवलंय, लॅगने नाही.

हिंजवडी_फेज_३

+१. शिवाय चेंज स्ट्रीम (डेटाबेसमधले बदल लगेच कळवणारी सोय) लावून बदललेली आसनं फोनकडे ढकलता येतील, पण आधी हे करा. निम्मा धागा इथेच संपला.

विंगेतला

पटलं. यादी आणि तारखा सेकंडरीवरून, नकाशा कॅशमधून (ॲप सर्व्हरच्या मेमरीतल्या प्रतीतून), 'माझी तिकिटं' प्रायमरीवरून. दारावरचं स्कॅनिंग तर 'आत गेला' अशी नोंद करूनच होकार देतं, म्हणजे ते लेखनच झालं. उरले निर्मात्यांचे रिपोर्ट. त्यांच्यासाठी चौथा सर्व्हर घ्यायची तयारी आहे. तो हिडन ठेवू का?

हिंजवडी_फेज_३

हा माझा प्रांत. हिडन केलात तर तो ड्रायव्हरला दिसतच नाही. रीड प्रेफरन्सने तिथे पोचता येत नाही, थेट त्याच्या पत्त्यावर वेगळं कनेक्शन करावं लागतं. काहीजण तसंच करतात, वाईट नाही. पण टॅगने (सर्व्हरला लावलेल्या खुणेने) जायचं असेल तर हिडन नको.

मी असं करेन. चौथ्याची प्रायॉरिटी ०, म्हणजे तो कधी प्रायमरी होणार नाही. प्रायमरीच्या निवडणुकीतलं मतही ०, नाहीतर चार मतं होतील आणि सम संख्येचा काही फायदा नाही. मत नसल्यामुळे दुसरं बरं हे की मेजॉरिटी मोजताना तो धरला जात नाही. रिपोर्टखाली रखडला तरी बुकिंगची लेखनं त्याच्यासाठी अडत नाहीत.

मग त्याला टॅग द्यायचा, 'वापर: रिपोर्ट'. उरलेल्या तिघांना 'वापर: रोजचा'. आता खड्डे:

रिपोर्टसाठी मोड 'सेकंडरी' घ्या, 'सेकंडरी-प्रिफर्ड' नको. प्रिफर्डमध्ये टॅगवाली सेकंडरी सापडली नाही तर वाचन गुपचूप प्रायमरीवर जातं, तिथे टॅग बघितलाच जात नाही. रिपोर्टचा सर्व्हर बंद आणि महिनाअखेरीचा हिशेब चालू, ऐन बुकिंगच्या वेळी प्रायमरीवर. कळणारही नाही.

टॅगची यादी क्रमाने बघितली जाते. पहिल्याला जुळणारं कुणी नसेल तर दुसरा. यादीच्या शेवटी रिकामा टॅग ठेवायची सवय असते, त्याचा अर्थ 'कुणीही चालेल'. नाटकांच्या यादीला तो ठेवा. रिपोर्टला ठेवू नका. रिपोर्ट एरर देऊ दे, निर्माता तासाभराने परत बघेल.

आणि हे सगळे विसरतात: रोजच्या सेकंडरी वाचनांनाही टॅग लावा. नाही लावलात तर त्यांच्या दृष्टीने चौथा सर्व्हर ही आणखी एक सेकंडरीच, तीही चिठ्ठीत येणार, आणि रिपोर्टखाली दबलेल्या सर्व्हरवरून नाटकांची यादी रांगत येणार.

पर्वतीपायथा

हे उत्तम लिहिलंत.

एक भर. सेकंडरींवर वाचनं लादली तर बिघडून बिघडून वाचनंच बिघडतील, असं वाटत असेल तर तसंही नाही. मोंगोडीबी ४.२ पासून फ्लो कंट्रोल आहे, मुळातच चालू असतो. मेजॉरिटी लेखन १० सेकंदांच्या आसपास मागे पडायला लागलं की प्रायमरी स्वतःच लेखनाचा वेग कमी करते. म्हणजे मत असलेल्या सेकंडरींना वाचनांनी दमवलंत तर तिकडे बुकिंग मंदावणार, आणि तुम्ही प्रायमरीकडे बघत बसणार की हिला झालंय काय.

कॅम्पातला_कारकून

सगळ्यांच्या नजरेतून एक सुटलंय. विंगेतला, बुकिंग ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असं बांधून) करता का?

विंगेतला

हो. आसन, पैसे आणि कूपन एकत्र.

कॅम्पातला_कारकून

मग ती एका ओळीची आयडिया पहिल्याच मिनिटाला गळ्यात आली असती. ट्रान्झॅक्शनमधली वाचनं प्रायमरीवरूनच व्हावी लागतात, आणि ट्रान्झॅक्शन वेगळं काही सांगितलं नाही तर क्लायंटचाच रीड प्रेफरन्स उचलतं. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये सेकंडरी-प्रिफर्ड लिहिला असता तर वाचन शिळं वगैरे नंतरची गोष्ट, बुकिंगच एरर देऊन थांबलं असतं. तुमच्या त्या दुसऱ्या सहकाऱ्याला कारण सांगता येत नव्हतं ना, हे सांगा.

विंगेतला

सांगतो, आणि त्याला धाग्याची लिंकही देतो :)

आता शेवटचं. प्रायमरी पडून नवी निवडली जाईपर्यंत 'माझी तिकिटं' बंदच राहणार ना? त्याला 'प्रायमरी-प्रिफर्ड' करू का?

मुळामुठा

मूळ सेटिंगला प्रायमरी गप्प झाल्याचं ठरायलाच १० सेकंद जातात, मग निवडणूक. तेवढ्यात ड्रायव्हर लगेच हात वर करत नाही, सर्व्हर मिळायची मूळ सेटिंगला ३० सेकंदांपर्यंत वाट बघतो. पान उशिरा उघडेल, पण बहुतेक वेळा उघडेल. प्रायमरी-प्रिफर्ड केलंत तर त्या वेळात सेकंडरीवरून लगेच उत्तर येईल, पण त्यात शेवटची लेखनं नसण्याची शक्यता असते. नुकतेच पैसे भरलेल्याला 'तिकीट नाही' दाखवायचं की गोल फिरणारं चाक?

मी चाक दाखवेन. नाटकांच्या यादीचं उलट आहे, ती कुठूनही येऊ दे, पण पान कोरं दिसायला नको.

विंगेतला

चाकच. मंगळवारी दुपारी आमच्याकडे बुकिंग जवळपास नसतं, तेव्हा चौथा सर्व्हर जोडून घेतो आणि मग प्रायमरीला मुद्दाम स्टेपडाउन (पायउतार) करून बघतो, कुठलं वाचन कुठे जातंय ते.

हिंजवडी_फेज_३

बघताना सर्व्हरच्या आलेखांवर विसंबू नका. ड्रायव्हरचं कमांड मॉनिटरिंग चालू करा, प्रत्येक कमांड कुठल्या होस्टवर गेली ते त्यात येतं. आणि स्टेपडाउननंतर रिपोर्टचा सर्व्हरही एकदा बंद करून एक रिपोर्ट मागा. एरर यायला हवी. आकडे आले तर समजा कुठेतरी प्रिफर्ड राहून गेलाय.

पर्वतीपायथा

आणि तो कॅश आधी चढवा. तो चढवल्यावर प्रायमरी २० टक्क्यांवर आली तर चौथ्या सर्व्हरचे पैसे मागायला साहेबांकडे जाताना आत्ताचा आलेख सोबत न्या, नंतर पटवणं अवघड जाईल.